खलित्याचे गद्य आणि अन्यसंनिधी

युद्ध आणि साहित्य यांच्या संबंधाचा विचार मराठीत बहुधा रणांगणाच्या अनुषंगानेच झाला आहे. १९६२ नंतर लिहिल्या गेलेल्या समरगीतांची, हौतात्म्याच्या कथांची, सीमेवरून आलेल्या पत्रांची दखल समीक्षेने घेतली आणि त्यांतील भावनेचा खरेखोटेपणाही आपल्या परीने तपासला. परंतु ज्या काळात दोन शेजारी राष्ट्रांचे सैनिक एकमेकांवर बंदुका रोखून उभे असतात, त्याच काळात त्या राष्ट्रांची परराष्ट्रखाती एकमेकांना सतत काही ना काही लिहीत असतात. आणि ते लेखन हेही गद्यच असते. हे गद्य साहित्यविचाराच्या कक्षेत सहसा आलेले नाही. ते इतिहासाचे साधन म्हणून बाजूला ठेवले गेले. त्यात काय म्हटले आहे हे इतिहासकार पाहतात. ते कसे म्हटले आहे आणि कोणाच्या कानी जावे म्हणून म्हटले आहे, हे प्रश्न मात्र वाङ्मयाच्या अभ्यासकाचे आहेत.

मराठी वाचकाला हा प्रांत खरे तर परका वाटण्याचे कारण नाही. राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे, सरदेसाई यांनी उजेडात आणलेल्या पेशवेकालीन पत्रव्यवहारात परदरबारी राहिलेल्या वकिलांची पत्रे विपुल आहेत, आणि मराठी गद्याच्या इतिहासकारांनी त्या पत्रांतील भाषेचे कौतुक मोकळेपणाने केले आहे. 'खलिता' हा शब्दही त्याच व्यवहारातला. मुळात तो पत्राचा वाचक नव्हे. पत्र ज्या थैलीत घालून पाठवावयाचे त्या थैलीचा आहे. थैलीचे नाव आतल्या मजकुराला चिकटावे, हा भाषेतला योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. कारण या लेखनप्रकारात वेष्टन आणि मजकूर यांची फारकत करणे आजही कठीण जाते.

आधुनिक राजनैतिक खलित्याचे वेष्टन ठरलेले असते. तो तृतीय पुरुषात लिहिला जातो. अमुक खाते तमुक वकिलातीला सादर अभिवादन करते, आणि त्यानंतर आपणास कळविण्याचा मान घेते, की तुमच्या सैनिकांनी आमच्या हद्दीत शिरून अमुक आगळीक केली. शेवटी परम आदराची पुन्हा एकवार ग्वाही दिली जाते. बोलणारा माणूस कोठेच नसतो. कचेरी कचेरीशी बोलते. मधल्या मजकुरात घुसखोरी, अपहरण, गोळीबार, काहीही असो, अभिवादन आणि ग्वाही ही दोन टोके हलत नाहीत. बाहेरच्या वाचकाला हा ढोंगीपणा वाटतो. परंतु अभंगाच्या शेवटी नाममुद्रा येते किंवा पोवाड्याच्या आरंभी नमन येते त्याला जसे ढोंग म्हणता येत नाही, तसेच हेही आहे. संकेत स्थिर असतो म्हणूनच त्याच्या आतील सूक्ष्म फेरफार ऐकू येतात.

हे सर्व एका उदाहरणाच्या आधारे पाहणे बरे. १९६५च्या ऑगस्टमध्ये काश्मीरमध्ये घुसखोर पाठवले गेले, १ सप्टेंबरला छांब भागात पाकिस्तानी रणगाडे पुढे आले आणि ६ सप्टेंबरला भारतीय सैन्याने पंजाबात आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली. हे युद्ध ऐन भरात असताना, १६ सप्टेंबरचा म्हणून, चीनच्या परराष्ट्रखात्याचा एक खलिता पेकिंगमधील भारतीय प्रतिनिधीच्या हाती मध्यरात्र उलटून गेल्यावर देण्यात आला. सिक्कीम तेव्हा भारताच्या संरक्षणाखालील संस्थान होते. भारतीय संघराज्यात ते आले १९७५ मध्ये. या सिक्कीमच्या सीमेवर, चीनच्या हद्दीत किंवा सीमारेषेवरच, भारताने लष्करी बांधकामे केली आहेत, ती तीन दिवसांत मोडून टाकावीत. पळवून नेलेले सीमावासी आणि जनावरे परत करावीत. अन्यथा होणाऱ्या गंभीर परिणामांची सर्व जबाबदारी भारतावर राहील, असा त्याचा आशय होता. जनावरांचा आकडा आधीपासून खलित्यांत फिरत होता: ८०० मेंढ्या आणि ५९ याक.

दुसऱ्या एका मोठ्या युद्धात गुंतलेल्या देशाला तीन दिवसांची मुदत देणारे निर्वाणीचे पत्र, आणि त्यात मेंढ्या! या विसंगतीवर त्या वेळी जगभर हसे झाले. विसंगती दिसली की हसावे किंवा तिचा अर्थ लावावा. समीक्षेला दुसरा मार्ग पत्करणे भाग आहे. आणि तो अर्थ लावण्याचे साधन भारतीय साहित्यशास्त्रात नऊशे वर्षांपासून तयार आहे.

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या तिसऱ्या उल्लासात अर्थाची व्यंजकता कशाकशाने संभवते याची यादी दिली आहे. वक्ता, बोद्धव्य, काकू, वाक्य, वाच्य, अन्यसंनिधी, प्रस्ताव, देश, काल. यांपैकी अन्यसंनिधी, म्हणजे बोलणारा आणि ज्याच्याशी बोलायचे तो यांच्याखेरीज तिसऱ्या कोणाचे तरी जवळ असणे, हा घटक विलक्षण आहे. त्याचे उदाहरण म्हणून दिलेल्या प्राकृत गाथेत एक सून शेजारणीपाशी सासूचे गाऱ्हाणे गाते: निर्दय सासू घरचे सगळे काम माझ्यावरच टाकते, संध्याकाळी कुठे क्षणभर विसावा मिळाला तर मिळाला, नाही तर तोही नाही. शेजारणीला हे गाऱ्हाणे म्हणूनच ऐकू येते. पण पलीकडे तिचा प्रियकर उभा आहे, आणि त्याला भेटीची वेळ कळते. वाक्य एक, श्रोते दोन. आणि ज्याला उद्देशून ते उच्चारले गेले त्याच्यासाठी ते मुळी नाहीच.

१६ सप्टेंबरचा खलिता या गाथेच्या शेजारी ठेवला म्हणजे त्याची रचना उलगडू लागते. त्याचे बोद्धव्य दिल्ली; परंतु अन्यसंनिधी रावळपिंडीची. बहुतेक मजकूर सिक्कीमच्या सीमेविषयी आहे. मात्र पुढे काश्मीर येते. काश्मीरच्या वादात चीन गुंतलेला नाही, पण याचा अर्थ त्याला न्याय-अन्याय कळत नाही असा नव्हे, आणि भारताचे आक्रमण चालू आहे तोवर पाकिस्तानला असलेला पाठिंबाही थांबणार नाही, असे तेथे बजावले आहे. सिक्कीम हे सासूचे गाऱ्हाणे. संध्याकाळचा विसावा तो हा. ज्या मित्राला सैन्य पाठवून मदत करण्याची प्रत्यक्ष तयारी कितपत आहे हे कोणालाच ठाऊक नाही, त्याला शब्दांनी दिलेला हा धीर आहे, आणि तो शत्रूच्या पत्त्यावर पाठवलेला आहे. १९ सप्टेंबरला चीनने मुदत वाढवून २२ सप्टेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत नेली. त्याच रात्रीच्या सुमारास अयूबखान आणि भुट्टो गुप्तपणे पेकिंगला जाऊन आले, ही हकीकत पुढे प्रसिद्ध झाली. लांबलेल्या युद्धाची तयारी ठेवा, असा सल्ला त्यांना तेथे मिळाला. आणि ती तयारी अयूबखानांच्या मनात नव्हती. पलीकडे उभा असलेल्याने संकेत ऐकला खरा, पण संकेतस्थळी जाण्याचे धैर्य त्याला झाले नाही, असे गाथेच्या भाषेत म्हणता येईल.

मग मेंढ्या कशासाठी? त्यांच्याकडे पाहून हसणाऱ्यांच्या लक्षात एक गोष्ट आली नाही. निर्वाणीच्या पत्रातील मागणी जितकी मोठी, तितकी ती पुरी न झाल्यास लिहिणाऱ्याची अडचण मोठी. प्रदेश मागितला आणि मिळाला नाही तर लढावे लागते. परंतु उंच खिंडीजवळची काही बांधकामे आणि काही जनावरे यांच्याबाबत मागणी पुरी झाली किंवा न झाली हे पाहायला कोण जाणार? स्वतंत्र निरीक्षकाने जागेवर जाऊन पाहावे, ही भारताची सूचना चीनने मान्य केली नव्हती. संयुक्त पाहणीची तयारी शास्त्रींनी १७ सप्टेंबरला संसदेत बोलून दाखवली. तपासणी न झालेली वस्तुस्थिती ही लेखकाच्या मालकीची असते. तसेच झाले. मुदत संपण्याच्या सुमारास पेकिंगने जाहीर करून टाकले की भारताने आपली बांधकामे स्वतःच मोडून पळ काढला आहे. भारताने ते साफ नाकारले. पण तोवर सुरक्षा समितीच्या २० सप्टेंबरच्या ठरावानुसार भारत-पाक युद्धविराम ठरला होता, आणि २३ तारखेच्या पहाटे तो अंमलात आला. परतीची वाट मजकुरातच ठेवलेली होती, आणि ती मेंढ्यांच्या वाटेइतकीच अरुंद होती. या दृष्टीने पाहिले तर तो हास्यास्पद तपशील खलित्यातील सर्वांत विचारपूर्वक योजलेला तपशील ठरतो. अर्थात तो हेतुपुरस्सर तसा योजला गेला, की आधीच्या तक्रारी गोळा करताना कारकुनी सवयीने आत आला, हे मजकुरावरून सिद्ध करता येणार नाही. काव्यातही प्रत्येक ध्वनी कवीने मोजून ठेवलेला नसतो.

या खलित्याची पहिली समीक्षा ग्रंथात झाली नाही, दिल्लीच्या रस्त्यावर झाली. २४ सप्टेंबरला जनसंघाचे राज्यसभा सदस्य अटलबिहारी वाजपेयी सुमारे आठशे मेंढ्यांचा कळप घेऊन चिनी वकिलातीपाशी गेले. मेंढ्यांच्या गळ्यांत फलक होते. आम्हाला खा, पण जगाला वाचवा, अशा अर्थाची विनवणी त्या बिचाऱ्या करीत होत्या. हिंदीत कविता लिहिणाऱ्या या नेत्याने केले ते एवढेच की व्यंग्यार्थाने भरलेल्या मजकुराचा वाच्यार्थ घेतला. ध्वनिवादी समीक्षक वाच्यार्थापाशी थांबणाऱ्याला अरसिक म्हणतात. येथे मात्र वाच्यार्थापाशी हटवादीपणे थांबणे हीच रसिकता ठरली. मेंढ्या हव्यात ना, मग या घ्या, असे म्हटल्याबरोबर खलित्याच्या आतली पोकळी उघडी पडली. विडंबनाचा हा प्रकार आहे, आणि तोही चांगल्या प्रतीचा, कारण त्याने मूळ संहितेतील एकही शब्द बदलला नाही.

चीनने दोन दिवसांत निषेध नोंदवला: ही निदर्शने भारत सरकारच्या चिथावणीने झाली. त्याला दिलेले भारताचे उत्तर हे त्या साऱ्या पत्रव्यवहारातील बहुधा एकमेव असे पान आहे जेथे कचेरीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दिसते. दिल्लीतील काही नागरिकांनी मिरवणूक काढली, सरकारचा तिच्याशी संबंध नव्हता, क्षुल्लक आणि बनावट कारणांवरून दिलेल्या निर्वाणीच्या पत्राविषयी लोकांना वाटणाऱ्या रोषाचा तो उत्स्फूर्त, शांततामय आणि खेळकर आविष्कार होता, असे त्यात म्हटले आहे. 'खेळकर' या अर्थाचा शब्द परराष्ट्रखात्याच्या खलित्यात यावा, ही लहान गोष्ट नव्हे. तीन वर्षांपूर्वीच्या पराभवानंतर या कचेरीची भाषा घायाळ आणि ताठर झालेली होती. या एका विशेषणात तिची मान पुन्हा मोकळी झालेली जाणवते.

ती ताठर कशी झाली हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. २९ एप्रिल १९५४ रोजी पंचशीलाचा उल्लेख असलेला तिबेटविषयक करार पेकिंगमध्ये झाला. तो हिंदी, चिनी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत होता आणि तिन्ही संहिता सारख्याच प्रमाण होत्या. साहित्य अकादेमीचे उद्घाटन त्याच वर्षी १२ मार्चला झालेले होते, आणि अकादेमीचे पहिले अध्यक्ष जवाहरलाल नेहरू हेच परराष्ट्रमंत्रीही होते. भारतीय भाषांवर नवा विश्वास टाकण्याचे ते दिवस होते. पण तीन महिनेही उलटले नाहीत तोच, जुलैमध्ये, एका कुरणाविषयीची चिनी तक्रार आली. भारत त्या कुरणाला बाराहोती म्हणतो. चिनी पत्रांत त्याचे नाव वू-जे. उन्हाळ्यात तेवढी वर्दळ असलेला तो डोंगरातला तुकडा. पुढची कित्येक वर्षे दोन्ही कचेऱ्या या दोन नावांनी लिहीत राहिल्या, आणि एकाच जागेविषयी बोलत आहोत की नाही हेच आधी ठरवावे लागे. कराराच्या मंगलाचरणात हिंदी होती. भांडणाचा भारताकडचा कारभार मात्र इंग्रजीत झाला.

एकेक शब्द किती महाग पडू शकतो याचा अनुभव त्याही आधी आलेला होता. १९५० मध्ये तिबेटविषयक भारतीय निवेदनात चीनचे 'अधिराज्य' अभिप्रेत असताना 'सार्वभौमत्व' या अर्थाचा इंग्रजी शब्द गेला. त्या वेळी पेकिंगमध्ये भारताचे राजदूत होते सरदार का. मा. पणिक्कर, मल्याळम भाषेतील कवी, कादंबरीकार आणि पुढे केरळ साहित्य अकादमीचे पहिले अध्यक्ष. चीनने ऑक्टोबरात तिबेटवर सैन्य पाठवल्यानंतर भारताने निषेध केला तेव्हा नोव्हेंबरच्या उत्तरात चीनने तो ऑगस्टमधला शब्द काढून दाखवला. शब्दांवर ज्याचे आयुष्य उभे आहे अशा माणसाच्या हातून हे घडले, हा योगायोग क्रूर आहे. तिबेटचे भवितव्य त्या एका शब्दाने ठरले असे समजणे भाबडेपणाचे होईल. सैन्य शब्दकोश पाहून चालत नाही. तरीही पुढील प्रत्येक निषेधाची धार त्या शब्दाने आधीच घासून टाकली होती.

१६ मे १९५९चे उदाहरण याहून मार्मिक आहे. दलाई लामा भारतात आल्यानंतरचे ते दिवस. चिनी राजदूत पान त्झु-ली यांनी परराष्ट्र सचिव सुबिमल दत्त यांच्यापुढे एक निवेदन वाचले. नेहमीच्या खलित्याची चौकट त्यात जवळजवळ गळून पडलेली आहे. आमचा शत्रू पूर्वेकडे आहे. पश्चिमेकडे भारताशीही वैर करण्याइतके आम्ही मूर्ख नाही. तुम्हालाही दोन आघाड्या परवडतील का. मग आपल्या दोघांचे जुळण्याची जागा हीच नव्हे का, अशा आशयाचे ते बोलणे आहे. येथे काकू आहे, प्रश्न आहेत, मैत्रीची भाषा आहे आणि तिच्या आत दबलेली धमकीही आहे. ते एका माणसाने दुसऱ्या माणसाशी बोलल्यासारखे आहे, आणि तिसरे कोणी तेथे नाही. २३ मे रोजी भारताने उत्तर दिले ते प्रामुख्याने भाषेविषयी: हे शब्द सभ्यतेला धरून नाहीत, दोन आघाड्यांचा हिशेब भारत करीत नाही. उत्तर सुसंस्कृत आहे, स्वाभिमानी आहे. परंतु ज्या समीक्षकाला एखाद्या कवितेत फक्त छंदोभंग दिसतो त्याच्यासारखे ते झाले आहे. चौकट का मोडली, हा प्रश्न त्याने विचारला नाही. नेहमी अलंकृत बोलणारा जेव्हा एकाएकी ओबडधोबड बोलू लागतो, तेव्हा तो बहुधा काही तरी खरे बोलत असतो, एवढे तरी काव्यवाचनाने शिकवायला हवे होते.

आणि मग ७ सप्टेंबर १९५९ रोजी नेहरूंनी हा सारा पत्रव्यवहार श्वेतपत्रिकेच्या रूपाने संसदेपुढे ठेवला. राजनीतीच्या इतिहासात या घटनेची चर्चा पुष्कळ झाली आहे. वाङ्मयप्रकाराच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळेच आहे. एका रात्रीत या लेखनाचा वाचकवर्ग पालटला. मे महिन्यातले ते दोघांतले बोलणे आता लोकसभेत, वर्तमानपत्रांत, पानाच्या गादीपाशी वाचले जाऊ लागले. संहिता तीच, पण अन्यसंनिधी निर्माण झाली; आणि जे कदाचित तडजोडीचे आवाहन होते ते आता निव्वळ धमकी म्हणून वाचणे भाग पडले. यापुढचे भारतीय खलिते लांबत गेले. त्यांत गॅझेटियरांतले दाखले येतात, जुने नकाशे येतात, पाणलोटाचे युक्तिवाद येतात. कौटिल्याने 'शासनाधिकार' प्रकरणात राजलेखाचे जे गुण सांगितले आहेत, अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टत्व, त्यांपैकी परिपूर्णता आणि स्पष्टत्व यांची रेलचेल आहे. औदार्य आणि माधुर्य आटत गेलेले आहे. हे लेखन पेकिंगला पटवण्यासाठी उरले नव्हते. प्रत्येक वाक्य लिहिताना संसदेतील पुढच्या बाकांकडे लेखकाची नजर आहे. चिनी खलित्यांतील उपरोध आणि उलटप्रश्न यांच्या मानाने ते अधिक प्रामाणिक असेल. पण प्रामाणिक गद्य आणि परिणामकारक गद्य यांत अंतर असते, आणि १९६२च्या ऑक्टोबरपर्यंतची पाने वाचताना ते अंतर मनाला लागते. लोकशाहीने आपल्या जनतेपासून पत्रव्यवहार लपवून ठेवावा, असा याचा निष्कर्ष काढता येणार नाही. परंतु उघड्यावर लिहावे लागणाऱ्याने दोन श्रोत्यांना दोन अर्थ पोचवण्याची कला अधिक कसून शिकायला हवी होती, एवढे नक्की म्हणता येते.

भारतीय परंपरेत ही कला अज्ञात नव्हती. 'मुद्राराक्षसा'चे सारे कथानक एका पत्राभोवती फिरते. चाणक्य ते पत्र शकटदासाकडून लिहवून घेतो, त्यावर राक्षसाची मुद्रा उमटवतो, आणि त्यात ना पाठवणाऱ्याचे नाव घालतो ना घेणाऱ्याचे. पाचव्या अंकात ते मलयकेतूच्या हाती पडते, आणि तो ते वाचून राक्षसावरचा विश्वास गमावतो. पकडले जाण्यासाठीच लिहिलेले पत्र! ज्याच्या नावे ते आहे असे भासते त्याच्यापर्यंत ते पोचायचेच नव्हते. विशाखदत्ताने बोद्धव्याची जागा रिकामी ठेवून सारा अर्थ अन्यसंनिधीवर सोपवला. राजकारणातील लेखनाचे इतके भेदक ज्ञान संस्कृत नाटकात दुसरीकडे क्वचितच आढळेल.

दूतांविषयी कौटिल्याने केलेला भेदही येथे उपयोगी पडतो: निसृष्टार्थ, परिमितार्थ आणि शासनहर. पहिल्याला पूर्ण अधिकार, दुसऱ्याला मर्यादित, तिसरा केवळ लेख पोचवणारा. रा. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी सिद्ध केलेल्या अर्थशास्त्राच्या आवृत्तीचा तिसरा, विवेचक भाग १९६५ सालीच बाहेर पडला, हा आणखी एक योगायोग. 'उद्योगपर्वा'त श्रीकृष्ण पहिल्या प्रकारचा दूत आहे. युद्धाच्या तोंडावर दुर्योधनाने पाठवलेला शकुनिपुत्र उलूक तिसऱ्या प्रकारचा. पांडवांपैकी एकेकाला उद्देशून दिलेला अपमान त्याला शब्दशः म्हणून दाखवायचा आहे, आणि तो भीत भीत म्हणतो. त्या प्रसंगात दुर्योधनाचे शब्द ऐकून सगळे खवळतात. उलूकाच्या मनात काय चालले असेल याची दखल व्यासांनीही फारशी घेतलेली नाही. आधुनिक खलित्याने उलूकाला पुसूनच टाकले. पेकिंगमध्ये मध्यरात्रीनंतर बोलावून घेतलेला प्रतिनिधी तो कागद हातात घेऊन परत निघाला तेव्हा त्याची पावले कशी पडत होती, हे कोणत्याच श्वेतपत्रिकेत नाही, आणि असूही शकत नाही.

त्या दिवसांतील दुसऱ्या एका लेखनाशी तुलना केली तर ही उणीव अधिक नीट कळते. १९६२च्या नोव्हेंबरात महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून दिल्लीला गेलेले यशवंतराव चव्हाण १९६५च्या युद्धात संरक्षणमंत्री होते, आणि युद्धाच्या दिवसांत ते रोजनिशी लिहीत होते. त्यांचे तेव्हाचे सहकारी राम प्रधान यांनी ती २००७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. बेचाळीस वर्षे ती कोणाच्या कानी जाणार नव्हती. सकाळी खलित्यांच्या जगात वावरणारा माणूस रात्री ज्या कागदावर लिहितो त्याला बोद्धव्य नसते आणि अन्यसंनिधीही नसते, किंवा असलीच तर ती काळाची. युद्धाच्या इतिहासात या दोन लेखनप्रकारांची जोडी लावून वाचण्याचा प्रयत्न मराठीत अद्याप व्हायचा आहे, आणि तो करण्यास मराठी अभ्यासकांइतका अधिकारी वर्ग दुसरा नाही.

खलित्यांच्या अशा वाचनावर एक आक्षेप सहज संभवतो. सीमेवर कोणाचे किती सैन्य होते, कोणत्या बलाढ्य राष्ट्रांनी कोणाला काय बजावले, यांवर युद्धे थांबतात वा पेटतात. शब्द हे केवळ झूल आहेत. आक्षेप अर्धा खरा आहे. १९६५ मध्ये चीनने दुसरी आघाडी का उघडली नाही याचे उत्तर मम्मट देणार नाही. पण त्या सहा-सात दिवसांत दिल्लीत, रावळपिंडीत आणि न्यूयॉर्कमध्ये जे निर्णय घेतले गेले ते सर्व कोणी तरी एक कागद वाचून, त्याचा काही एक अर्थ लावून घेतले होते. त्या अर्थनिर्णयात चूक झाली असती तर तिची किंमत हिमालयात मोजावी लागली असती.

गाथेतल्या सासूचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. सून बोलते, शेजारीण ऐकते, प्रियकर समजतो. जिच्याविषयी बोलले जाते ती सासू तेथे नाहीच, आणि ती खरोखरच निर्दय आहे की नाही हे कोणालाही जाणून घ्यायचे नाही. खलित्यातले ते चार तिबेटी मेंढपाळ असेच आहेत. चीनच्या लेखी ते पळवून नेलेले सीमावासी. भारताच्या लेखी ते इतर तिबेटी निर्वासितांप्रमाणे आपल्या मर्जीने, परवानगीवाचून आलेले, आणि मनात येईल तेव्हा परत जाण्यास मोकळे. दोन्ही वर्णने व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत. कोणत्या खिंडीने ते आले, मेंढ्या हाकत आले की मागे सोडून आले, परत जाण्याजोगे घर त्यांना उरले होते का, याविषयी त्यांच्या तोंडचे एकही वाक्य त्या पत्रव्यवहारात नाही. मेंढ्यांची संख्या पुन्हा पुन्हा येते. याकांची तर सुटी मोजदाद आहे, एकूणसाठ. पुढे मेंढ्या दिल्लीच्या रस्त्यावर आल्या, त्यांच्या गळ्यात शब्द बांधले गेले, त्यांच्यावर दोन राष्ट्रांत आणखी दोन खलिते झाले. मेंढपाळ त्यापुढे कोठे गेले हे श्वेतपत्रिकेच्या त्या पानावर नाही. त्या पानाखाली नेहमीची परम आदराची ग्वाही आहे.